लुंबिनीच्या अलीकडचं घर

लग्नाला बरीच वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं, आणि त्या काळात बुद्धवंदनेवरून माझं मन उडालं होतं. संध्याकाळी बीदरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मेणबत्ती लावून आम्ही दोघं बसायचो. हे डोळे मिटून मोठ्यानं गाथा म्हणायचे, मी त्यांच्या मागून ओठ हलवायची; पण मन दुसरीकडेच असायचं. माझं माहेर मुडबीचं. माझ्या वडिलांनी धर्मांतर केलं तेव्हा मी पाळण्यात होते. घरातले देव गेले, पण आईच्या तोंडातून देवी काही गेली नाही. कुणी आजारी पडलं की तिच्या ओठावर पहिल्यांदा देवीचंच नाव यायचं. मी माहेरी गेले की ती मला परसात नेऊन हळूच म्हणायची, "बाई, एकदा ओटी भरून ये. कुणाला सांगू नको. तुझ्या मालकाला काय कळायलंय?"

आमचे मालक मात्र यात जराही हलायचे नाहीत. ते वीज खात्यात लाइनमन होते. खांबावर चढणारा माणूस. जिथं हात घालायचा तिथं आधी तपासून घालायचा, हा त्यांचा स्वभावच होता. ते म्हणायचे, "आपल्यात नवस न्हाई. बुद्धानं कुणाला काय देतो म्हणून सांगितलं न्हाई." ते खरंच होतं, आणि तेच मला टोचायचं. आईला निदान मागायला दार होतं. माझं दार वडिलांनी बंद केलं, आणि नव्या घरात मागायचं कुणाकडं हे मला कुणी सांगितलं नाही. हे दुःख मी कुणाजवळ बोलले नव्हते.

तशात एके दिवशी हे म्हणाले, "लुंबिनीला जायचं का? गाडीवर?" फिरतीसाठी घेतलेली जुनी मोटारसायकल होती, तिच्यावर यांचा फार जीव. सगळ्यांनी वेड्यात काढलं. बाईमाणसाला मागं बसवून परमुलखात जायचं, वाटेत काही झालं तर विचारणार कोण? मी मात्र लगेच व्हय म्हणाले. माझ्या मनात चोर होता. जिथं भगवान जन्मले, जिथं एका आईची कूस उजवली, तिथं आपण गुपचूप मागून घेऊ, असं मी ठरवून टाकलं होतं.

थंडीचे दिवस होते. नांदेड, नागपूर, जबलपूर करत, रात्री कुठं विहारात तर कुठं धर्मशाळेत काढत आम्ही सरहद्दीला पोचलो. नेपाळात जायला आपल्याला काही लागत नाही, पण गाडीचा परवाना काढावा लागला. तिथल्या माणसानं नंबरपाटीवरची अक्षरं पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "इतनी दूर? इसपर?" शेजारच्या चहावाल्यानं आमची काळजीच घेतली. म्हणाला, पुढं धुकं फार आहे, रस्ता सुना आहे, मध्ये कुणीही हात केला तरी थांबू नका. मी गळ्यातली काळी पोत पदराखाली सारली आणि यांच्या पाठीला चिकटून बसले.

असलं धुकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्याकडं थंडीत शेतावर पांढरा पदर पसरल्यासारखं असतं आणि ऊन आलं की जातं. इथं दिवस उगवला होता तरी गाडीचा उजेड पुढच्या चाकापलीकडं पोचत नव्हता. हे अगदी सावकाश चालवत होते. तरी अचानक समोर उसाची गाडी उभी दिसली, यांनी गाडी कडेला घेतली, आणि ओल्या पाचटावरून चाक सरकलं. पुढचं मला नीट आठवत नाही. मी मोहरीच्या शेतात पडले होते, तोंडात माती होती. उठून पाहते तर हे चरात, आणि यांचा पाय गाडीखाली. नडगी नको तशी वळलेली. ती उसाची गाडी तशीच उभी होती, बैल सोडलेले, जवळ माणूस नाही.

मी मोटारसायकल उचलायला गेले, ती तसूभर हलली नाही. हे दात आवळून म्हणत होते, "घाबरू नको, घाबरू नको," आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. मी हात जोडले. आईच्या देवीचं नाव ओठापर्यंत आलं आणि तिथंच अडलं. मग बुद्धाचं घ्यावं म्हटलं तर तेही निघेना, कारण ते काही देत नाहीत हे मला पाठ होतं. त्या क्षणी मला कोणीच नव्हतं. शेवटी पोटातून जे आलं ते एवढंच, आमच्या मुडबीच्या बोलीत, "कुणी हाय का वो? कुणी हाय का?"

धुक्यातून चार माणसं आली. उघडे पाय, अंगावर चादरी आणि प्रत्येकाच्या हातात कोयता. मला चहावाल्याचे शब्द आठवले. मी यांच्यापुढं आडवी उभी राहिले. त्यातला एक जण थांबला, त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हातातला कोयता खाली मातीवर ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले. मग चौघांनी मोटारसायकल धरली आणि अलगद उचलली. ते ऊसतोडीला निघालेले लोक होते. ज्यानं पहिल्यांदा कोयता ठेवला त्याचं नाव जोखू. त्यानं बांबूच्या कामट्या काढल्या, स्वतःच्या अंगावरची चादर फाडली आणि यांचा पाय असा हलक्या हातानं बांधला की हे एकदाच ओरडले. मग कुणीतरी खाट आणली.

जोखूचं घर म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली कुडाची झोपडी. दारात शेकोटी होती. यांना शेकोटीजवळ निजवलं. जोखूची म्हातारी आई, फुलमती, आतून पाण्याचा लोटा घेऊन आली आणि मधेच थबकली. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, पण म्हातारी पुढं येईना. तिनं विचारलं, "कौन जात हौ, बहिनी?"

परमुलखात, असल्या वेळीही हाच प्रश्न. आमच्या आजीनं हा प्रश्न जन्मभर ऐकला होता. मला वाटलं, आता लोटा परत जाणार. मी म्हणाले, "बौद्ध." तिला ते कळलं नाही. ती तशीच उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली, "हमरे हाथ का पानी पी लेबू? हमार पानी कोई ना पिये."

तिचा प्रश्न माझ्यासाठी नव्हताच. तिला स्वतःची भीती वाटत होती. आपल्या हातानं ही परकी बाई विटाळेल म्हणून ती तहानलेल्या माणसापुढं लोटा धरून उभी होती. मी उठले, लोटा घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा प्याले. मग आमच्या बीदरच्या दखनीत म्हणाले, "कायकू नै पिऊँ, अम्मा? हमारे नानी का पानी भी कोई नै पीते थे." माझं ते 'कायकू' ऐकून दारातल्या बाया फिदीफिदी हसल्या. फुलमती मात्र हसली नाही. तिनं माझ्या गालावरची माती पदरानं पुसली. मी इतका वेळ रडले नव्हते, तेव्हा रडले.

जोखूनं बैलगाडीतून यांना शहरातल्या इस्पितळात नेलं, प्लास्टर घालून आणलं. हाड जुळून येईपर्यंत हलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या घरानं आम्हाला ठेवून घेतलं. मी पुष्कळदा म्हटलं, आम्ही धर्मशाळा बघतो. फुलमती ऐकूनच घेईना. आमची गाडी त्यांनी उचलून गोठ्यात आणली होती आणि जोखू तिच्याशेजारी निजायचा, कुणी नेऊ नये म्हणून. भात, डाळ आणि मोहरीचा पाला असं जेवण असायचं. दुपारी मी वस्तीतल्या बायांचे फाटके कपडे शिवून द्यायची. हे खाटेवर पडून जोखूला म्हणायचे, "तू आमच्या बीदरला चल, तुला खांबावर चढवतो," आणि जोखूला निम्मं कळायचं, तरी तो मान हलवायचा.

एकदा मी फुलमतीला लुंबिनीचं विचारलं. तिला ते नाव माहीत नव्हतं. मग म्हणाली, "अरे, रुम्मिनदेई!" तिच्या लेखी ते देवीचं ठाणं होतं. बाया तिथं मूल मागायला जातात. तिची दोन लेकरं जगली ती त्या माईमुळंच. पण आत ती कधी गेली नव्हती. कुणी अडवलं होतं असं नाही. आपलं आपणच बाहेरून हात जोडून परतायची.

यांना कुबडीवर थोडं उभं राहता यायला लागल्यावर जोखूनं बैलगाडी जुंपली. आम्ही पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. तळं, त्याच्या काठचं मोठं झाड, अशोकाचा खांब आणि पायऱ्यांवरचं लहानसं पांढरं देऊळ, बाकी माळच. पायऱ्या यांना चढवत नव्हत्या, हे झाडाखाली बसले. फुलमती पायरीपाशी आली आणि थांबली. "तू जा," म्हणाली. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही.

आत अंधार होता आणि झिजलेला दगड. झाडाची फांदी धरून उभी असलेली बुद्धाची आई, फुलमतीची माई तीच, चेहरा पुसून गेलेला. फुलमतीनं डोकं टेकलं आणि बराच वेळ ती उठलीच नाही. उठल्यावर मी तिला आईच्या पायाशी कोरलेलं लहानसं बाळ दाखवलं. म्हटलं, "अम्मा, ये हमारे बुद्ध हैं."

"ई? ई लइका?" तिनं वाकून पाहिलं. मग तिचं सगळं तोंड उजळलं. "तब तो हमरे गाँव का लइका है!" असं म्हणून तिनं त्या बाळाच्या दगडी अंगावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कपाळावर मोडली, आपल्या लेकराची दृष्ट काढतात तशी. मी शेजारी उभी होते. इतके दिवस ज्यांच्याकडं मागायचं धाडस होत नव्हतं, ते माझ्यासमोर एका म्हातारीचं नातवंड होऊन बसले होते. माझ्या तोंडून आपोआप त्रिशरण सुरू झालं. बुद्धाला शरण, धम्माला शरण म्हणून झालं आणि "संघं सरणं गच्छामि" म्हणताना मी शेजारी पाहिलं. फुलमतीचा हात अजून माझ्या हातात होता.

निघायच्या दिवशी तिनं माझ्या केसांना मोहरीचं तेल लावून वेणी घातली, सासरी निघालेल्या लेकीची घालतात तशी. जोखू गोरखपूरपर्यंत आला, गाडी आगगाडीत चढवून दिली आणि डबा हलेपर्यंत फलाटावर उभा राहिला.

वाटेत यांनी विचारलं, "तू आत काय मागितलंस गं?"

मी दचकले. जे मागायला मी एवढ्या लांब आले होते, ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. "काय बी न्हाई," मी म्हणाले. "राहूनच गेलं."

यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "मी मागितलं."

"तुम्ही? कामून? आपल्यात तर..."

"व्हय, ठाऊक हाय. झाडाखाली बसलो हुतो. तू त्या म्हातारीचा हात धरून पायऱ्या चढायलीस, ते बघितलं. मग राहवलं न्हाई. तुझ्यासाठी मागितलं."

खांबावर चढणारा, सगळं तपासून बघणारा माझा माणूस. मला हसूही आलं आणि डोळेही भरले. मी त्यांच्या प्लास्टरच्या पायावर माझी शाल घातली.

आम्हाला मूल झालं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आईला आजही वाटतं, एवढ्या लांब जाऊन आमचं काही पदरात पडलं नाही. तिला मी समजावत बसत नाही. मी पुन्हा वंदनेला बसते, आता ओठ नुसते हलत नाहीत. शरण जायचं म्हणजे मागणी पुढं करून वाट बघायची, असं मी समजत होते. आता वाटतं, आपण ज्यांच्या हाती पडलो त्यांच्यावर आपला भार निर्धास्तपणे टाकता आला, की तेच शरण जाणं. हे गाथा म्हणताना मध्येच थांबतात, दुखऱ्या पायाची मांडी बदलतात. तोवर मीही थांबते. मग आम्ही दोघं पुढचं एकत्र म्हणतो.