जनरेटरच्या आवाजातलं रशियन

लहानपणी आमच्याकडे रेशनवर अमेरिकेचा गहू यायचा. तांबूस, आणि त्याची पोळी इतकी चिवट की वडील म्हणायचे, "हे जेवण नव्हे, दातांची परीक्षा आहे." तेच वडील सकाळी डबा घेऊन ज्या कारखान्यात जायचे, तो रशियाच्या मदतीने उभा राहिलेला होता. म्हणजे पोटात अमेरिका आणि हातात रशिया. या दोन थोरांचं आपसात विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. आमच्या घरात दोघंही सुखाने नांदत होते.

आयटीआय करून मीही त्याच कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. एका जाड्या रशियन फिटरच्या हाताखाली तीन वर्षं काढली. त्याला मराठी येईना, मला इंग्रजी धड येईना, म्हणून मग मीच त्याची भाषा उचलली. व्याकरणाच्या नावाने शून्य, पण भांडण्यापुरती उत्तम. मायदेशी परत जाताना त्याने आपल्या पान्यांचा संच माझ्या हातात ठेवला आणि घट्ट मिठी मारली. त्याच्या मिशांना कांद्याचा वास येत होता.

पुढे मी शेजारच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे रशियन यंत्रांचे सुटे भाग बनायचे. ऑर्डरी एवढ्या असायच्या की दिवाळीलाही साहेब रजा देताना रडायचा. आणि मग तो देशच उरला नाही. तिकडे मॉस्कोत कुणीतरी झेंडा खाली उतरवला आणि इकडे नाशिकजवळ माझी नोकरी गेली. मुलगा तीन वर्षांचा, मुलगी पाच महिन्यांची होती. एजंट म्हणाला, ओमानला फिटर हवेत. मी नकाशात ओमान शोधला आणि होय म्हणालो.

निझवा गावाच्या बाहेर, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी, पाणी उपसायचं केंद्र होतं. तिथले पंप अमेरिकन, इंजिनं अमेरिकन, मुख्य इंजिनियर गोरा साहेब. पहिले तीन महिने उमेदवारी. साहेबाला पटलं नाही तर परतीचं विमान. बायकोने पत्रात लिहिलं होतं, "इथली काळजी करू नका, तिथलं नीट करा." तिथलं नीट करा, एवढंच मला करायचं होतं.

दुसऱ्याच महिन्यात मी ते बिघडवलं. एका पंपाचं झाकण उघडायचं होतं. कंपनीच्या पान्यांना हात लावायचं सोडून मी ऐटीत माझा रशियन संच काढला. रशियन पाने मिलिमीटरचे, अमेरिकन बोल्ट इंचाचे. अर्ध्या इंचाच्या बोल्टवर तेराचा पाना बसतो, पण जरासा ढिला. हा जरासा म्हणजे केसाएवढा फरक, आणि मी जोर लावला. एक बोल्ट गुळगुळीत झाला, दुसरा झाला. चौथा गुळगुळीत झाला तेव्हा मला शुद्ध आली. झाकण धड उघडेना, धड बसेना, आणि खाली गावाला पाणी बंद. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मी त्या दिवशी याचि देही अनुभवली.

साहेब तणतणत येताना दिसला. त्याच्या आधी आमचा फोरमन पोचला. हा ओमानी, दक्षिणेकडच्या सलालाच्या मागच्या डोंगरांतला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, अंगाने काटक, बोलायला कंजूष. मला नुसतं 'हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी, म्हणून हाक मारायचा. त्याने माझ्या हातातला पाना घेतला, उलटा केला, आणि त्यावर कोरलेली रशियन अक्षरं वाचली. ओठ हलवत, पण बिनचूक वाचली. मी इतका चक्रावलो की माझ्या तोंडून रशियनच निघालं, "तुम्हाला येतं?"

त्याने माझं मनगट धरलं. अजून आठवतं, हाड दुखलं होतं. "चूप," तो म्हणाला. मग साहेबाकडे वळून आपल्या हिंदीमिश्रित इंग्रजीत म्हणाला, "हा पाना मी दिला याला. माझी चूक." साहेबाने त्याचा पंचवीस माणसांसमोर पाणउतारा केला. तो मान खाली घालून उभा राहिला. माझी नोकरी राहिली.

संध्याकाळी मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. तो मला जनरेटरच्या खोलीत घेऊन गेला. तिथे कानठळ्या बसायच्या, शेजारच्या माणसाचंही ऐकू यायचं नाही. तिथे, माझ्या कानाशी तोंड आणून, तो रशियनमध्ये बोलला.

त्याच्या डोंगरांत एके काळी लढाई चालली होती. बंडखोरांना शस्त्रं रशियाची, सुलतानाच्या फौजेला इंग्रजांची. आमच्या गावाला रशियाने कारखाना दिला, त्याच्या गावाला बंदुका. सोळाव्या वर्षी बंडखोरांनी त्याला एडन बंदरातून रशियाच्या थंडीत लढाई शिकायला नेलं. "क्रांती वगैरे मला काय ठाऊक," तो म्हणाला, "त्यांनी मला आयुष्यातले पहिले बूट दिले." पुढे लढाई संपली, सुलतानाने सगळ्यांना माफी दिली, नोकऱ्या दिल्या. पण त्याने जिच्याशी लग्न केलं, तिचा भाऊ सुलतानाच्या बाजूने लढताना मेला होता. "सरकारने माफ केलं," तो म्हणाला. "घरात मी मागितलीच नाही. तिला माहीत नाही. कळलं तर ती माझ्या ताटात पुन्हा भात वाढणार नाही. इसका बात कभी नहीं करने का. खलास?"

"खलास," मी म्हणालो.

त्यानंतर वीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. सकाळी साडेसहाला जनरेटर सुरू व्हायचा आणि आमचं रशियनही. त्या आवाजात आम्ही साहेबाला शिव्या दिल्या, पोरांच्या लग्नांची बोलणी केली, बीटच्या सुपाची आठवण काढली. त्याचं रशियन बराकीतलं, माझं वर्कशॉपमधलं. दोघांचं मिळून ऐकलं असतं तर एखाद्या रशियनाला झीट आली असती. तो खजुराबरोबर कहवा, म्हणजे त्यांची वेलची घातलेली कॉफी, आणायचा, मी बायको ओमानला राहायला आल्यावर शंकरपाळे न्यायचो. जगातल्या दोन दांडग्यांनी आपापसांत जे काही मांडलं होतं, त्यातून आम्हा दोघांना एवढंच मिळालं, एक पडीक भाषा. ती आम्ही जिवापाड वापरली. तसे दिवस पुन्हा आले नाहीत आणि मला त्यांची फार आठवण येते.

दोघंही निवृत्त झालो. तो मुलाकडे राजधानीजवळच्या माबेल्याला राहायला आला, मी तिथेच नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाच्या व्हिसावर शेजारच्या अल हैलला. ईदला मी जायचो, दिवाळीला तो यायचा. मग त्याला मेंदूचा झटका आला.

गेल्या वर्षी त्याच्या मुलाचा फोन आला. हा मुलगा एका कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि हिंदी माझ्यापेक्षा चांगली बोलतो. "अंकल, बाबा कुणाला ओळखत नाहीत. अरबी विसरलेत. काहीतरी भलतंच बोलतात. मावशी म्हणते ही जिनची, भुताखेताची भाषा आहे. तुम्ही एकदा या."

मी गेलो. खोली एसीने बर्फ झालेली. पलंगाशेजारी त्याची बायको जपमाळ घेऊन बसली होती. तो भिंतीकडे बघून पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होता: खोलदना, खोलदना.

"एसी बंद करा," मी म्हणालो. "थंडी वाजतेय त्याला."

बायकोने मान वर केली. मुलाने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं? कुठली भाषा आहे ही?"

खरं सांगावं तर दिलेला शब्द जातो, न सांगावं तर हा माणूस स्वतःच्या घरात थंडीने कुडकुडत मरतो. "आमच्या वर्कशॉपची," मी म्हणालो. "जनरेटरच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. मग आम्ही आपले चार शब्द बनवले होते."

"मग मला शिकवा," मुलगा म्हणाला.

मी शब्द कागदावर लिहून दिले. पाणी, भूक, दुखतंय, थंडी, बस, झोप. मुलाने अरबी अक्षरांत उतरवून घेतले आणि पलंगाशी वाकून चुकतमाकत पाण्याचं विचारलं, "वदा?" माझा मित्र भिंतीकडून इकडे वळला. पोराकडे बघितलं, आणि हसला. म्हातारी रडू लागली. मी गाडीत बसून रडलो, ते वेगळं.

मी दर शुक्रवारी जाऊ लागलो, दर वेळी पाच-सहा शब्द नेऊ लागलो. घरातली सगळी रशियन बोलू लागली, सूनसुद्धा. ती सासूला म्हणे, "किती गोड भाषा बनवली या दोघांनी."

परवा मुलाने आईसमोरच विचारलं, "अंकल, बाबा आता मला एका नव्या नावाने हाक मारतात. तवारिश. म्हणजे काय?"

लढाईतल्या सोबत्यांना मारायची ती हाक. मी म्हातारीकडे पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती.

"बेटा," मी म्हणालो. "तवारिश म्हणजे बेटा."

तिने नवऱ्याच्या पायांवरून हात फिरवला. मुलगा उठला. मला गाडीपर्यंत सोडायला आला, दार उघडून धरलं, आणि खिशातल्या फोनवर हात ठेवून म्हणाला, "अंकल, मी पहिल्याच दिवशी या फोनला विचारलं होतं, ही रशियन आहे. तवारिशचा अर्थही हा वेगळा सांगतो, आणि मामा कोणत्या लढाईत गेला ते मला ठाऊक आहे." मला तोंड लपवावंसं वाटलं. त्याने माझा खांदा दाबला. "पण आमच्या घरात तुम्ही सांगितलेलाच अर्थ राहील. पुढच्या शुक्रवारी 'माफ कर' कसं म्हणतात ते घेऊन या. ते बाबांनीच म्हणायचं आहे, आईच्या समोर."