चौथं पाणी

जळगावच्या एका तंत्रनिकेतनात मी शिकवायला लागून दोन वर्षं झाली होती. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. यंत्र विभागात मी एकटीच बाई. वर्कशॉपमध्ये लेथजवळ उभी राहिले की मुलांचं अर्धं लक्ष माझ्या पदराकडे असायचं, तो कुठे अडकतोय का म्हणून. मग मी साडीवरून खाकी कोट घालायला लागले आणि मुलं यंत्राकडे बघायला लागली.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, एका समितीवर होते. दवाखाने, हॉटेलं, वसतिगृहं अशा ठिकाणी जी मोठी कपडे धुण्याची यंत्रं असतात, त्यांच्यासाठी मानक ठरवायचं काम त्या समितीकडे होतं. एक किलो कोरडे कपडे धुवायला यंत्रानं जास्तीत जास्त किती पाणी घ्यावं आणि किती वीज खावी, एवढाच प्रश्न. पण त्यावर सरांच्या टेबलावर कागदांचा ढीग साचला होता. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा आणि प्रत्येकाचा आकडा देखणा.

एक दिवस सरांनी मला बोलावून तो ढीग माझ्याकडे सरकवला.

"हे सगळे आकडे कारखान्यात नवं कोरं कापड घालून काढलेले आहेत," ते म्हणाले. "खरे मळके कपडे यातल्या कुणीही धुतलेले नाहीत. धुळ्याला एका दवाखान्यात असलं यंत्र आहे. परवानगी मी मिळवतो. तुम्ही जाऊन मोजून या."

मला मनातून आनंदच झाला. कुणीतरी मला वर्गाबाहेरचं काम दिलं होतं. पाण्याच्या बाबतीत तर मी जन्मापासूनच काटकसरी. जळगावला आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड यायचा, आणि भाजी धुतलेलं पाणी कुंडीत न टाकता मोरीत ओतलं तर आई दिवसभर बोलायची नाही. दवाखान्यात किती पाणी वाया जात असेल याची मला नुसती कल्पना करूनच चुटपुट लागली होती.

सकाळच्या एसटीनं एरंडोल, पारोळा करत मी धुळ्याला पोचले. दवाखान्याच्या मागे पत्र्याच्या छपराखाली धुलाईघर होतं. आत दोन मोठे आडवे ड्रम, कपडे पिळायचं एक यंत्र, कोपऱ्यात बॉयलर. बाहेरच्या मोकळ्या जागेत दोऱ्याच दोऱ्या आणि त्यावर पांढऱ्या चादरी. तिथले मुख्य म्हणजे नाना. पन्नाशी उलटलेले, परटाच्या घरातले; दवाखान्यात लागायच्या आधी पांझरेच्या काठी धुणी धुवायचे. दुसऱ्या अक्का. पिळून आलेली प्रत्येक चादर उघडून, झटकून, वाळत घालायची की परत ड्रममध्ये टाकायची हे अक्का ठरवायच्या.

नानांनी माझ्या पिशवीतला पाण्याचा मीटर, विजेचा मीटर आणि वह्या बघितल्या.

"ताई, मशीन मोजाले उनात का माले?" त्यांनी विचारलं.

"मशीन, नाना. तुम्हाला कोण मोजणार?"

ते हसले. आमच्या घरची बोली जामनेरकडची, त्यांची अहिराणी. पण दोन दिवसांत माझे कान तिला सरावले.

पहिले चार दिवस मी कशालाच हात लावला नाही. कपडे वजनकाट्यावर घालायचे, ड्रम भरायचा, मीटर वाचायचा. नाना आधी गरम पाण्यात सोडा-साबण घालून कपडे घुसळून काढायचे, मग ते चार पाण्यांतून काढायचे. चार म्हणजे चार. डाग असोत नसोत. विजेचं एक कोडं लगेच सुटलं. संसर्गाच्या वॉर्डातले कपडे वेगळे धुवावे लागत, त्यामुळे ड्रम अर्धाच भरायचा आणि मोटर मात्र जवळजवळ पूर्ण भरल्याइतकीच वीज घ्यायची. हे कुठल्याही कंपनीच्या कागदावर नव्हतं. ते मी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं.

पाण्याचा आकडा मात्र समितीनं सुचवलेल्या मर्यादेच्या बराच वर जात होता. मी बेरजा पुन्हा पुन्हा केल्या. मग लक्षात आलं की चौथं पाणी काढून टाकलं तर आकडा बरोबर मर्यादेत बसतो. त्या चौथ्या पाण्याकडे मी बघितलं होतं. गटारात जाताना ते काचेसारखं स्वच्छ दिसायचं. तेवढ्या पाण्यात आमच्या गल्लीतल्या किती घरांच्या टाक्या भरल्या असत्या, असा विचार करत मी नानांना म्हटलं, "नाना, आठ दिवस तीनच पाण्यांत काढून बघू या."

नाना बॉयलरजवळ उभे होते. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"बठ्ठा सोडा निंघाले पाहिजे, ताई."

"सगळा निघतोय ना. चौथं पाणी बघा, किती स्वच्छ आहे."

"पानी साफ दिसस. कपडा काय सांगस ते दखाले पाहिजे."

मी वही उघडून त्यांना आकडे दाखवले. समिती काय आहे, मानक म्हणजे काय, उद्या हे देशभर लागू होईल, असं बरंच काही बोलले. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुमी शिकेल शेतस," आणि चौथ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. मला शिकलेली म्हटलं, पण त्या शब्दांत मान्यता नव्हती, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण मी ते कळून न कळल्यासारखं केलं. दोन दिवस तीन पाण्यांवर मोजलं, आकडा मर्यादेत बसला, आणि जळगावला परत येऊन मी सरांना आकडे दिले. सर खूश झाले. त्यांनी ते टाइप करून समितीला पाठवलेही.

आठ दिवसांनी मी पुन्हा धुलाईघरात गेले. नाना चादरींचे गठ्ठे सोडवत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. दोन्ही ड्रम पुन्हा चार पाण्यांवर चालू होते. अक्कांनी मला बाहेर दोऱ्यांजवळ नेलं.

बाळंतिणींच्या वॉर्डात तीन बाळांच्या पाठी लाल झाल्या होत्या. बायकांना अंगभर खाज सुटली होती. सिस्टरनी चादर हाताळून बघितली आणि ती कडक, चरचरीत लागली. चौकशी झाली. कपड्यांत सोडा राहिला, हे नानांनी लगेच कबूल केलं आणि त्यांना लेखी मेमो मिळाला. इतक्या वर्षांत पहिलाच.

"पण ते तर मी सांगितलं होतं!" मी म्हणाले.

"त्यासनी तुमनं नाव नही सांगं," अक्का म्हणाल्या.

मी आत गेले. नानांना विचारलं, "का नाही सांगितलं?"

ते गाठ सोडवतच राहिले. "मन्ही पोर तुमनाच वयनी शे. तुमनी नोकरी नवी शे. मन्ही आते सरनी."

त्यांची नोकरी संपत आली होती, म्हणून मेमो त्यांनी स्वतःवर घेतला होता. मला तिथे उभं राहवेना. आधी मी वॉर्डात गेले. एक बाळंतीण बाळाला मांडीवर पालथं घेऊन बसली होती. बाळाच्या पाठीवर खोबरेल तेल लावलेलं होतं आणि त्याखाली बारीक लाल पुरळ. ती मला नवी नर्स समजली असावी. "आता बरं आहे, बाई," ती म्हणाली.

तिथून मी थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते दवाखान्याचे प्रमुख, कमी बोलणारे. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: आकडा बसवायला मीच चौथं पाणी बंद केलं, नानांनी हरकत घेतली होती, मी ऐकलं नाही.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे तुमचं पाणी वाचलं, आणि पाठी आमच्या बाळांच्या भाजल्या."

"हो."

"हे लिहून द्याल?"

मी तिथेच बसून लिहून दिलं. लिहून झाल्यावर मोकळं वाटलं. त्यांनी मेमो मागे घेतला. मला वाटलं, आता मला परत यायला मनाई करतील. ते म्हणाले, "काम अर्धवट सोडू नका. पण नाना हो म्हणाल्याशिवाय एकही तोटी फिरवायची नाही."

सरांना सांगणं जास्त अवघड गेलं. त्यांनी पाठवलेल्या आकड्यांची प्रत काढून समोर ठेवली. मग म्हणाले, "आकडे गेलेत समितीकडे."

"परत मागवता येतील?"

"चुकले म्हणून लिहू. मी पण न विचारता पाठवले, तेव्हा पत्रावर सही दोघांची."

पुढच्या खेपेला मी रसायन विभागातून एक औषध बरोबर नेलं. सोडा असलेल्या पाण्यात त्याचा थेंब टाकला की पाणी गुलाबी होतं. पिळलेल्या चादरींचं पाणी मी दहा वाट्यांत घेतलं, कुठलं कितव्या पाण्यानंतरचं हे वाटीच्या बुडाला लिहिलं, आणि अक्कांना म्हटलं, "मी बघायच्या आधी तुम्ही सांगा."

अक्का प्रत्येक वाटीत बोट बुडवून अंगठ्यावर घासत गेल्या. "हाई बुळबुळीत शे. हाई बी. हाई साफ." एका वाटीशी थांबल्या. "आनी ह्यामा जरासा शे."

मग मी थेंब टाकले. नऊ वाट्या अक्कांनी सांगितल्याप्रमाणेच निघाल्या. दहावीत मला काहीच रंग दिसला नाही. मी तसं म्हणाले तर अक्कांनी वाटी उचलून पांढऱ्या चादरीवर नेऊन ठेवली. पाण्याला अगदी फिकट गुलाबी झाक होती. नाना मोठ्यांदा हसले. त्या प्रसंगानंतर ते माझ्याशी पहिल्यांदाच हसत होते.

त्याच दुपारी, भाकरी खाऊन झाल्यावर, नाना गटाराकडे हात करून म्हणाले, "चौथं पानी साफ शे म्हनी तुमी सांगं ना? मंग ते कपडाले द्या. गटारले कसाले?"

नदीवर ते असंच करायचे, त्यांनी समजावलं. कमी मळक्या कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात जास्त मळक्या कपड्यांचं पहिलं भिजवण व्हायचं. मी वही काढली. आम्ही साबणाची दोन रिकामी पिंपं घासून स्वच्छ केली, दवाखान्याच्या भंगारातून एक छोटा पंप मिळवला आणि चौथं पाणी पिंपात धरून पुढच्या घाण्याला पहिलं म्हणून वापरायला लागलो. संसर्गाच्या वॉर्डातल्या कपड्यांचं पाणी मात्र धरायचं नाही, ही अट नानांनीच घातली. आठवडाभर वाट्या, थेंब आणि अक्कांची बोटं तिन्ही चालू होती. कपडे चारही पाण्यांतून काढूनही नव्या पाण्याचा आकडा मर्यादेच्या अगदी जवळ आला.

समितीची बैठक पुण्याला होती. सर मला बरोबर घेऊन गेले. लांबलचक टेबल, चहाचे कप, मी सोडून सगळे पुरुष. एका कंपनीचे इंजिनियर आमचा कागद वाचून म्हणाले, "मानक यंत्राचं ठरवायचंय, धुणाऱ्याचं नाही. कपड्यात साबण राहिला तर तो धुणाऱ्याचा दोष."

सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी उठले. बोलायचं म्हणून लिहून आणलेलं सगळं विसरले. "मी याच मर्यादेत यंत्र चालवून दाखवलं होतं," मी म्हणाले. "आकडा बरोबर बसला. तीन बाळांच्या पाठी लाल झाल्या. यंत्र तेच होतं, धुणारेही तेच होते. फक्त आकडा बसवायचा होता, म्हणून एक पाणी मी काढून टाकलं. उद्या हा आकडा छापला, तर तो बसवायला माझ्यासारखं कुणीतरी प्रत्येक गावात तेच करेल."

मग अध्यक्षांनी थेंबाच्या परीक्षेबद्दल विचारलं आणि चर्चा दुपारपर्यंत चालली. शेवटी असं ठरलं की शेवटच्या पिळलेल्या पाण्याला थेंब टाकून रंग आला नाही, तरच त्या यंत्राचा पाण्याचा आणि विजेचा आकडा धरायचा. अर्ध्या भरलेल्या ड्रमचं वेगळं वाचन घ्यायचं, हेही मान्य झालं. पाणी धरायची टाकी मात्र वगळली गेली. ती यंत्राचा भाग नाही, असं बहुमतानं ठरलं. परतीच्या एसटीत मी त्याबद्दल कुरकुर करत होते, तर सर म्हणाले, "दोन गोष्टी मिळाल्या. मला एकीचीही खात्री नव्हती."

नानांना सांगायला मी मुद्दाम धुळ्याला गेले. टाकी मानकात घेतली नाही हे ऐकून त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी धुलाईघरामागे सिमेंटची टाकी बांधायला घेतली होती आणि नानांना गवंड्याची जास्त काळजी होती. तो तळाला पुरेसा उतार देत नव्हता. आम्ही दोघं त्याच्याशी तासभर भांडलो. त्या उन्हाळ्यात दवाखान्याला टँकर मागवावे लागले तेव्हाही धुलाईघर एक दिवस बंद राहिलं नाही, हे मला अक्कांच्या मुलीनं कळवलं. अक्कांनी तिच्याकडून पोस्टकार्ड लिहवून घेतलं होतं.

मानक छापून यायला बराच काळ गेला, आणि आलं तेव्हाही ते पाळायची सक्ती नव्हती. काही कंपन्यांनी पाळलं, काहींनी नाही. सरांनी मात्र पुढची वाचनं घ्यायचं काम माझ्याकडेच ठेवलं. पहिलंच होतं जळगावच्या एका हॉटेलातलं. मॅनेजर मला यंत्र दाखवायला घाईघाईनं आत घेऊन चालले होते. मी दारातच थांबून विचारलं, "धुतलेले कपडे तुमच्याकडे कोण तपासतं?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. मग त्यांनी खिडकीजवळ इस्त्री करत बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे बोट केलं. मी मीटरची पिशवी खाली ठेवली आणि आधी त्यांच्याजवळ जाऊन बसले.