मध्यंतराला मेलेली बाई

सिनेमाच्या धंद्यात कथा कोणी वाचत नाही. वाचायला वेळ लागतो, आणि वाचूनही आपल्याला काही कळलं नाही, हे स्वतःशी तरी कबूल करावं लागतं. म्हणून कथा ऐकतात. निर्माता सोफ्यावर रेलतो, लेखक समोर बसून दोन तास तोंडाने अख्खा सिनेमा दाखवतो. ज्याचं तोंड चांगलं, त्याचा सिनेमा होतो.

असल्या धंद्यात रडवे मास्तरांचं भलं झालं नसतं तरच नवल. या गृहस्थांनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नाही, की कधी एक ओळ लिहिली नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं निर्मात्यांना ऐकवायचं, एवढाच उद्योग त्यांनी तीस वर्षं केला. पण तोरा असा, की सिनेमा यांनीच शोधून काढला असावा. जाताना दोन रुमाल न्यायचे, एक स्वतःला आणि एक निर्मात्याला. बसल्याबरोबर पंखा बंद करायला लावायचे, कारण पंख्याच्या घरघरीत हुंदका ऐकू जात नाही. मध्यंतर आलं की गप्प होऊन सावकाश पाणी प्यायचे, आणि निर्माता बिचारा त्यांच्या घशाकडे बघत ताटकळायचा. त्यांनी ऐकवलेले चौतीस सिनेमे झाले आणि चौतीसच्या चौतीस आपटले. मास्तरांच्या केसालाही धक्का लागला नाही. "ऐकलं तेव्हा काय होतं हो! दिग्दर्शकाने माती केली," असं म्हणत तेच निर्माते पुन्हा रडायला हजर.

मास्तरांच्या पुतणीला हा सगळा तमाशा लहानपणापासून पाठ होता. ती स्वतः एका रोजच्या मालिकेचे संवाद लिहायची. तिथे सुनेने कपाट उघडलं की घरातले चौघं दचकायचे, आणि कपाटात काय आहे ते पुढच्या आठवड्यात ठरायचं. पाच वर्षं हे लिहून तिला स्वतःच्या हाताची किळस यायला लागली होती. म्हणून रविवार रविवार बसून तिने स्वतःची एक पटकथा लिहिली. कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्ट चालवणारी एक बाई. लिफ्ट आता आपोआप चालणार, म्हणून तिच्या नोकरीचा शेवटचा महिना. बस. कोणी मरत नाही, हरवलेलं कोणी सापडत नाही. शेवटी ती काम मागायला दुसऱ्याच इमारतीत जाते, सवयीने लिफ्टच्या बटणांपाशी उभी राहते, आणि अनोळखी माणसं तिला आपापले मजले सांगायला लागतात. पुढच्या चार वर्षांत ही पटकथा नऊ वेळा लिहून झाली होती. सिनेमा झाला तर मालिकेला रामराम ठोकता येणार होता. नाहीतर आहेच कपाट.

तिने स्वतः दोनदा ऐकवून बघितली होती. तिचा आवाज सपाट, चेहरा त्याहून सपाट. पहिल्या निर्मात्याने सात वेळा "मग?" असं विचारलं. दुसऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत, तो सरळ घोरायला लागला. शेवटी नाक मुठीत धरून ती काकांकडे गेली.

"आहे तसं ऐकवायचं, काका. एक शब्द बदलायचा नाही."

"वेडी का काय तू? माझ्या भावाची पोर ना? तुझ्या शब्दाला मी हात लावीन?" काकांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "तूच सांग तोंडाने. मी डोळे मिटून ऐकतो."

तिने सांगितली. काकांनी डोळे मात्र खरोखरच मिटले होते.

काकांनी गाठलेले निर्माते फरशांच्या व्यापारातून आलेले. सिनेमाकडेही चौरस फुटानेच बघायचे. त्यांच्या ऑफिसात सकाळी अकराला बैठक ठरली. भिंतीवर आपटलेल्या सिनेमांची पोस्टरं काचेत घालून टांगली होती. पुतणी दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर फाइल घेऊन बसली. पंखा बंद झाला.

पहिली दहा मिनिटं काकांनी कमाल केली, हे मान्य करायलाच हवं. लिफ्टचं जाळीचं दार त्यांनी नुसत्या जिभेने ओढलं. मजल्यामजल्यावर चढणारी माणसं एकेका खाकरण्यातून उभी केली. पुतणी खुर्चीत पुढे सरकून ऐकायला लागली. आपण लिहिलं ते असं होतं? तिला काकांचे पाय धरावेसे वाटले.

अकराव्या मिनिटाला पाऊस सुरू झाला. तिच्या पटकथेत पाऊस नव्हता. मग इमारतीचा तरुण मालक लिफ्टमध्ये शिरला आणि त्याने बाईच्या मनगटावरचा डाग पाहिला. तसलाच डाग त्याच्याही मनगटावर! पुतणी ताठ बसली. तिने एकदा खोकून बघितलं. काकांनी त्या खोकल्याचाही उपयोग केला. बाईला क्षय झाला. मध्यंतर येता येता लिफ्टचा दोर तुटला. एका गर्भार मुलीला बाहेर ढकलून बाई खाली, खाली, खाली गेली.

"आणि साहेब," काका कापऱ्या आवाजात म्हणाले, "जाता जाता ती काय म्हणते? बाळा, माझा मजला आला."

निर्मात्यांनी रुमालासाठी हात पुढे केला. काका पाणी प्यायले. उत्तरार्धात लिफ्ट बाईचा आत्मा चालवत होता.

"मारलंत, मास्तर!" निर्माते नाक शिंकरत म्हणाले. "सिनेमा माझा. कोणाची कथा?"

पुतणी अर्धवट उठली. काकांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि डोळे टिपले.

"सुचलं हो, साहेब. लिफ्टमध्येच सुचलं."

"आणि ह्या कोण?"

"माझी पुतणी. टायपिंग करते."

"मग काम झालं. पंधरा दिवसांत टाइप करून द्या. हिरॉइनला पाठवायची आहे. ती वाचते म्हणे."

जिन्यात काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, आधी आत शिरू दे. मग तुझंच नाव सांगतो. मला काय करायचंय नाव?" इतका निलाजरा माणूस आपल्या बापाचा सख्खा भाऊ आहे, याची तिला मनापासून लाज वाटली. पण ती भांडली नाही.

"उद्या दहाला घरी या," ती म्हणाली. "टाइप करून देते."

काका दोन्ही रुमाल घेऊन हजर झाले. ती कॉम्प्युटरपुढे बसली. "सांगा," म्हणाली, आणि काका सुटले. तेच हुंदके, तेच थांबणं, पाण्याचा पेलासुद्धा त्याच जागी. काका बोलले तेवढं तिने इमानाने टाइप केलं. दोन तासांनी काका घाम पुसत खुर्चीत टेकले.

"वाच बघू."

तिने आपल्या सपाट आवाजात वाचलं. "पाऊस. बाई येते. तिच्या डोळ्यात पाणी. मालक येतो. त्याच्या डोळ्यात पाणी. मालक म्हणतो, आई. बाई म्हणते, बाळा. दोघे रडतात. दोर तुटतो."

सगळं मिळून दीड पान झालं. काका वाट बघत राहिले.

"बाकीचं?"

"बाकीचं तुम्ही बोललाच नाहीत, काका. नुसते रडलात."

त्यांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. तिने वाचलं. तिसऱ्यांदा लावलं, तिने तिसऱ्यांदा वाचलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच रडवे मास्तर समोरच्या खुर्चीत बसले होते आणि दुसरं कोणी ऐकवत होतं. रुमाल दोन्ही कोरडे होते.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

त्यांनी दोन्ही रुमाल खिशात घातले. मग खाली मान घालून म्हणाले, "तुझी ती बाई... शेवटी काय करते म्हणालीस?"

क्षणभर तिचा राग पातळ झाला. तिने फाइल काढून त्यांच्यापुढे ठेवली. "वाचा."

काकांनी फाइल उचलली. अंगठ्याने पानं सर्रकन सोडून जाडी बघितली, आणि अलगद टेबलावर ठेवली.

"चष्मा विसरलो गं. तूच सांग ना तोंडाने."

चष्म्याची दांडी त्यांच्या खिशातून दिसत होती. तिने फाइल ड्रॉवरमध्ये घातली, दीड पान छापून त्याची घडी केली आणि त्यांच्या हातात दिली.

"हे न्या," ती म्हणाली. "यावर तुमचंच नाव घातलंय."