लक्ष्मणची खुर्दबीन आणि माझ्या हातची नोंद

संघमित्राचा फोन आला तेव्हा मी तिच्या बापावरच चिडलेलो होतो. आदल्या दिवशी त्यानं मला नांदेडहून इस्लापूरला पिटाळलं होतं. का, तर तिथल्या एका जुन्या डॉक्टरांच्या घरी पितळी मायक्रोस्कोप आहे असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलेलं, आणि त्या यंत्राच्या पायावर कोरलेला नंबर त्याला हवा होता. माझं वय पंचाहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तरी एसटीत उभा राहून गेलो. वर त्याची ताकीद... नंबर वाचून फोनवर सांगायचा नाही, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला कागद पोस्टानं धाडायचा. माझ्या वाचण्यावर त्याचा भरवसा नव्हता, तसं त्यानं स्वच्छ सांगितलंही होतं. सकाळी पाकिटावर पत्ता लिहीत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला आणि संघमित्रा म्हणाली, "काका, बाबा गेले." झोपेतच गेला. माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, त्याचा कागद तयार आहे इथं," असं म्हणालो मी. पोरीनं ऐकून घेतलं.

लक्ष्मण सूर्यवंशी म्हणजे निलंग्याकडचा माणूस. बाप गावात मजुरी करायचा, छप्पन सालानंतर घरानं बुद्धाची वाट धरली आणि पोराला शाळेत घातलं. तो सरकारी आरोग्य खात्याच्या एका ऑफिसात रक्त तपासणारा तंत्रज्ञ झाला. मी लोह्याचा, घरची शेती, आणि त्याच ऑफिसात कारकून. ऑफिस तेव्हा उस्मानाबादला होतं. ऑफिसचं पूर्ण नाव मुद्दाम लिहीत नाही, आज तिथं वेगळी माणसं आहेत आणि त्यांचा यात काही दोष नाही. लक्ष्मणच्या ताब्यात एक जर्मन मायक्रोस्कोप होता. निजामाच्या काळात हैदराबादहून आलेला, पितळी, आरशाचा. जुना शिपाई त्याला खुर्दबीन म्हणायचा, म्हणून आम्हीही खुर्दबीनच म्हणायचो. दुसऱ्या कुणी हात लावलेला लक्ष्मणला खपत नसे. एकदा मी त्याच्या टेबलावर चहाची कपबशी ठेवली तर आठवडाभर बोलला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात तो ती खुर्दबीन घेऊन दुष्काळी कामांवर गेला. पाझर तलावाच्या कामावर हजारभर माणसं, प्यायला टँकरचं पाणी, खायला सुकडी, आणि त्यात तापाची साथ. वीज नाही, म्हणून तो तंबूच्या दारात बसून आरसा उन्हाकडे वळवायचा आणि दिवसभर काचपट्ट्या बघायचा. कुणाला मलेरिया आहे ते बघून लगेच गोळ्या. चार महिने तो तिकडंच होता. इकडं ऑफिसात जुनं डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे सरकारी वस्तूंची नोंदवही, वाळवीनं खाऊन टाकलं होतं आणि तपासणी तोंडावर आली होती. साहेबांनी मला आठवड्याभरात नवं रजिस्टर लिहून काढायला लावलं. टेबलं, खुर्च्या, माठ, खुर्दबीन, सगळं लिहिलं. दुष्काळ सरला, लक्ष्मण परत आला. तलावावरच्या धुळीनं खुर्दबीनीचं सगळ्यात बारीक बघायचं भिंग मात्र पार खराब झालं होतं. पुढं ते निर्लेखनात, म्हणजे सरकारी मोडीत गेलं आणि त्याजागी नवं देशी भिंग बसवलं.

त्यानंतर दरवर्षी त्या रजिस्टरची पडताळणी होई. पडताळणी म्हणजे काय, तर मी पान उलटायचो, 'प्रत्यक्ष वस्तू पाहून नोंद बरोबर' असा शिक्का मारायचो आणि साहेब सही करायचे. खुर्दबीनीची लाकडी पेटी कोण उघडतो? उघडायची तर लक्ष्मणला बोलवा, तो हात धुऊन येणार, मऊ कापड अंथरणार, अर्धा दिवस गेला. शिक्का मारायला अर्धं मिनिट लागतं. सगळ्या ऑफिसांत असंच चालायचं, आजही चालत असेल. मी काही जगावेगळा नव्हतो.

मग ब्याऐंशीला लातूर जिल्हा वेगळा झाला. लोक पेढे वाटत होते आणि आम्ही सामान वाटत होतो. अर्धी कपाटं इकडं, अर्धी तिकडं. लक्ष्मणची आणि माझी बदली लातूरला झाली, खुर्दबीनही आमच्या वाट्याला आली. नव्या ऑफिसचे नवे साहेब मोठे कडक. त्यांनी दहा वर्षांत पहिल्यांदा पेटी उघडून वस्तू रजिस्टरशी ताडून बघितली. नंबर जुळेना. रजिस्टरात एक, पायावर दुसराच. साहेबांचं म्हणणं असं की अस्सल जर्मन वस्तू हैदराबादच्या जुन्या बाजारात गेली आणि तिच्या जागी तसलीच दिसणारी दुसरी आणून ठेवली. वस्तू कुणाच्या ताब्यात? लक्ष्मण सूर्यवंशीच्या.

चौकशी बसली. मला बोलावलं, रजिस्टर पुढं ठेवलं आणि अक्षर तुमचंच का म्हणून विचारलं. हो म्हणालो. नोंद कशी केली? मी म्हणालो, प्रत्यक्ष वस्तू पाहून. दहा वर्षं जो शिक्का मारला तोच तोंडातून बाहेर पडला, आणि मला तो खराच वाटत होता. चोरी सिद्ध झाली नाही, पण त्याच्या सेवापुस्तकात 'वर्तन संशयास्पद' असा शेरा बसला तो कायमचा. पुढं बढतीच्या प्रत्येक यादीतून त्याचं नाव गळत गेलं. त्याहून वाईट म्हणजे ऑफिसातली कुजबुज. 'असल्यांच्या हातात किमती वस्तू देऊच नये' असं दोघं-तिघं बोलायचे, आणि 'असल्यांच्या' म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. मीही ऐकत होतो. मी मूग गिळून बसलो होतो, हे आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते. लक्ष्मण एवढंच म्हणायचा की मी वस्तू बदलली न्हाई, ही तीच हाय, आणि हे मी दाखवून देणार.

झालं, तिथून त्याचं हे नंबराचं खूळ सुरू झालं. जर्मनीतल्या जुन्या कारखान्यांत प्रत्येक यंत्राला नंबर असतो आणि ते कधी बनलं, कुणाला पाठवलं, हे वह्यांत लिहिलेलं असतं, असं त्यानं कुठंतरी वाचलं. लागला पत्रं लिहायला. इंग्रजी येत नव्हतं तर शिकला. पहिलं उत्तर दोन वर्षांनी आलं, त्या काळातल्या वह्या युद्धात जळाल्या म्हणून. माणसानं तिथं तरी थांबावं की नाही? थांबला नाही. पत्रं चालूच ठेवली, आणि वर कारखान्याच्या वह्या नसतील तर आपणच वही करू म्हणाला. मराठवाड्यात जिथं म्हणून जुना मायक्रोस्कोप असेल तिथं जायचं, नंबर घासून आणायचा, खरेदीची पावती मिळाली तर वर्ष लिहायचं. उदगीरचे डॉक्टर, निलंग्याची शाळा, हैदराबादचे दुकानदार, कुणाला सोडलं नाही. हळूहळू त्याचा हात असा बसला की नंबर सांगा, तो दोन वर्षांच्या फरकानं साल सांगायचा. मोठमोठ्या कॉलेजांतून त्याला विचारणा व्हायची. पण त्याचा स्वतःचा प्रश्न काही सुटत नव्हता, कारण रजिस्टरातला तो नंबर कुठल्याच हिशेबात बसत नव्हता. त्या कारखान्यानं तेवढ्या मोठ्या आकड्याचं यंत्र त्या काळात केलेलंच नव्हतं.

या माणसानं मला किती छळलं ते मलाच माहीत! माझ्या थोरल्या मुलीचं लग्न लोह्याला. मामा, काका, सगळे मांडवात, अक्षता पडायची वेळ झाली आणि लक्ष्मणचा पत्ता नाही. हा गृहस्थ जनावरांच्या दवाखान्यात जाऊन तिथला मायक्रोस्कोप उलटा करून बसलेला! मी तिथंच त्याला फैलावर घेतलं. तो कागद खिशात घालत शांतपणे म्हणाला की लग्न तासभर चालंल, दवाखाना एकला बंद होतो. पुढं माझी बदली नांदेडला झाली, आम्ही दोघंही रिटायर झालो, तरी दर रविवारी याचा फोन. अमक्या गावी जा, तमक्याला भेट. बायको म्हणायची, तुम्ही नाही म्हणा. मी नाही म्हणायचो आणि जायचो.

मीही त्याला सोडत नव्हतो म्हणा. चार माणसांत बसलो की माझा ठरलेला प्रश्न असायचा... काय लक्ष्मणराव, जर्मनीचं उत्तर आलं का? लोक हसायचे. तोही हसायचा आणि म्हणायचा, येईल की. एकदा मात्र, मला वाटतं सातआठ वर्षांपूर्वी, त्याच्या लातूरच्या घरी आम्ही दोघंच होतो. मी जरा जास्तच बोललो. म्हटलं, सगळा जन्म त्या एका आकड्यात घालवलास, तो आकडा काय तुला वर घेऊन जायचाय? तो चष्मा पुसत राहिला, आणि मग म्हणाला, "माधवा, नंबर खोटं बोलत न्हाई. पण चुकणारा माणूसबी दर वेळी खोटंच बोलतोय असं नसतंय." मी म्हणालो, आता तू प्रवचनही करायला लागलास. विषय तिथंच संपला.

गेल्या महिन्यात लातूरला त्याचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, लोक बोलले. मला जुना मित्र म्हणून बोलायला उभं केलं. रडू येईल म्हणून मी हसवायचं ठरवलं. मांडवातला किस्सा सांगितला, इस्लापूरचा सांगितला, आणि शेवटी म्हणालो की बिचाऱ्याला जर्मनीचं उत्तर काही अखेरपर्यंत आलं नाही. लोक हसले. पुढच्या रांगेत बसलेली संघमित्रा हसली नाही. जेवणं झाल्यावर तिनं मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि एक फाईल हातात दिली. म्हणाली, "काका, उत्तर आलं होतं. अकरा वर्षं झाली."

ती शाळेत इंग्रजी शिकवते, पत्र तिनंच वाचून दाखवलं. कारखान्यातल्या एका रिटायर माणसानं काही जुन्या वह्या वाचवल्या होत्या, त्यांतली हैदराबादची ओळ त्याला सापडली. तुमच्या यंत्राच्या पायावरचा नंबर बरोबर आहे, हे तेच यंत्र, असं त्यानं लिहिलं होतं. आणि तुम्ही दुसरा जो नंबर विचारता तो यंत्राचा नाहीच, तो त्याच यंत्राबरोबर पाठवलेल्या एका भिंगाचा आहे. भिंगावर असतो आणि भिंगाच्या पितळी डबीवरही असतो.

डबी म्हटल्यावर मला आठवलं. इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, ते ढळढळीत डोळ्यांपुढं उभं राहिलं. दुष्काळाचा उन्हाळा, वाळवी लागलेलं रजिस्टर, आणि खुर्दबीन तलावावर. भिंग यंत्राला लावून तो गेला होता आणि त्याची रिकामी डबी कपाटात राहिली होती. तलाव किती लांब, कोण जाणार उन्हातान्हात? मी डबी उचलली, तिच्यावरचा नंबर लिहिला आणि पुढच्या ओळीवर माठांची संख्या टाकली. पुढं ते भिंग गेलं, डबीही गेली, आणि माझा शिक्का तेवढा राहिला.

लक्ष्मणला हे सगळं कळलं होतं. पत्राच्या पाठीमागं त्यानं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय... 'मी तलावावर असताना माधवने डबीवरून लिहिले असावे. त्याला सांगायचे नाही. मनाला लावून घेईल.' संघमित्राला तिच्या आईची शपथ घातली होती म्हणे. म्हणजे अकरा वर्षं हा माणूस माझे टोमणे ऐकत होता, येईल की म्हणत होता, आणि उत्तर याच्या कपाटात! ते पत्र घेऊन गेला असता तर शेरा निघाला असता. पण मग नोंद कुणी केली हे विचारलं असतं, साक्ष कुणी दिली हे विचारलं असतं. म्हणून गेला नाही. अरे बाबा, मला काय फाशी होणार होती? मी रिटायर माणूस. एकदा घरी येऊन दोन शिव्या घालायच्या होत्यास. मी पाय धरले असते तुझे. तेवढी संधी तरी ठेवायचीस... ती तू ठेवली नाहीस, आणि या गोष्टीचा मला भयंकर राग आहे. तो कुणावर काढू?

दुसऱ्याच दिवशी मी आणि संघमित्रा ऑफिसात गेलो. शेरा काढून टाकावा असा अर्ज दिला, सोबत पत्र जोडलं. तिथला तरुण क्लार्क भला होता, त्यानं बसायला खुर्ची दिली. म्हणाला, काका, इतकी जुनी चौकशीची फाईल कधीच नष्ट झाली, आणि कर्मचारी मयत आहे, आता दुरुस्ती करायची तर ती कशात करायची? मी त्याच्याशी भांडलो. उगाच भांडलो, त्याचा काय दोष? बाहेर आल्यावर संघमित्रा म्हणाली, राहू द्या काका, बाबांना माहीत होतं ना, पुरे झालं. मी तिला म्हटलं, तुझ्या बाबाला माहीत होतं गं, लोकांना कुठं माहीत आहे? तेव्हा ती म्हणाली, मग लोकांना सांगा.

म्हणून हे लिहिलं. पेपरवाल्यांनी आठवण लिहायला सांगितली होती, तिचं हे असं झालं, त्याला माझा इलाज नाही. जे तेव्हा ऑफिसात होते, जे कुजबुजत होते आणि जे माझ्यासारखे गप्प बसले होते, त्यांतले थोडे अजून आहेत, लातूरला आहेत, नांदेडला आहेत, रोज सकाळी पेपर वाचतात. त्यांनी नीट वाचावं. ती खुर्दबीन निजामाच्या काळात हैदराबादहून आली तीच आहे. लक्ष्मण सूर्यवंशीनं ती विकली नाही, बदलली नाही. चुकीची नोंद माझी, खोटी साक्षही माझीच. मी प्रत्यक्ष वस्तू पाहिली नव्हती.