चार इंची भिंत

मिस्त्रींची चाळीस वर्षं लोकांच्या भिंती पाडण्या-बांधण्यात गेली. आता गुडघे कुरकुरतात, जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. तरी बायकोला शब्द देऊन बसले होते, की संध्याकाळपर्यंत ही भिंत नसेल. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती आतल्या खोलीत पडून होती. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. तिथे सून वावरायची, आवाज यायचे, पण माणूस दिसायचं नाही. हाडाबद्दल ती कधी कुरकुरली नाही, या भिंतीबद्दल मात्र रोज बोलायची.

चार इंची भिंत, नुसता आडोसा, तिच्यावर कसला भार, असं मिस्त्रींनी मुलाला छातीठोकपणे सांगितलं होतं. पण घाव घालण्याआधी वरचा गिलावा खरवडून बघायचा, ही जुनी खोड. आडोशाची भिंत छत झाल्यावर बांधतात, म्हणून तिच्या माथ्याशी सिमेंटने बुजवलेली फट सापडते. लाकडी घोडीवर चढून त्यांनी छिन्नी चालवली. फट नव्हतीच. छताचं काँक्रीट थेट विटांवर बसलं होतं.

मग आठवलं. वरची खोली घाईघाईत चढवली होती. तुळईच्या सळया दुसऱ्याच्या कामावर गेल्या, आणि यांनी 'पुढे बघू' म्हणत छत या भिंतीवरच ओतलं. दुसऱ्या गवंड्याने असं केलं असतं तर त्याचा चारचौघांत उद्धार केला असता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! इतकी वर्षं वर मुलगा, सून, नातवंडं झोपत होती. मिस्त्रींना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा थकवा जास्त आला. टेकू देऊन तुळई घालायची म्हणजे महिन्याचं काम, अंगात तर आठवड्याचंही बळ नव्हतं.

केसांत चुरा घेऊनच ते आत गेले.

"नाही पाडता येणार गं ती. छत तिच्यावरच आहे. माझीच चूक."

ती छताकडे बघत म्हणाली,

"राहू द्या भिंत. जन्मभर लोकांच्या घरी राबलात. आता तुम्हीच इकडे बसत चला."

मिस्त्रींनी स्टूल ओढलं आणि सुनेकडून सोलायला शेंगा मागवून घेतल्या. शेंगा त्यांना धड सोलता येत नव्हत्या. ती पडल्यापडल्या चुका काढत राहिली.