लाल्याच्या गळ्यातलं सोनं

शेतात सापडलेलं जुनं सोनं मी पितळ समजून बैलाच्या गळ्यात बांधलं. आजही पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकताना लोणी-हळदीचा वास आला, की तो पोळा आठवतो.

शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत, खड्डा खणताना मडकं फुटलं आणि भोकं पाडलेल्या पिवळ्या चकत्या निघाल्या. त्या सुतळीत ओवून पोळ्याला मी माझ्या बैलाला, लाल्याला सजवलं. सगळे बैल जमतात त्या वेशीवरच्या तोरणापाशी गावच्या सोनारानं एक चकती तळहातावर तोलली आणि तो किंचाळला, "अबे, सोनं हाये हे!"

पोलीस पाटील धावत आले. "माळ काढ. सरकारात जमा करा लागते."

"करतो ना, पण लाल्या तोरणाखालून गेल्यावर. म्हाताऱ्या बैलाचा शेवटचा पोळा हाये, पाटील. सजवलेल्या बैलाले मी भर गावात नागवं करत नसतो."

माळ काढ म्हणून सारं गाव ओरडलं, पण मी कासरा सोडला नाही. लाल्या सोनं वाजवत, डुलत तोरणाखालून गेला. मग मीच माळ काढून दिली.

तेव्हा वाटलं, आपण राजा झालो. आता कळतं, राजा लाल्या होता, मी नुसता कासरा धरणारा. तरी आज बायकोला ठणकावलं, "पुन्हा सापडलं तर पुन्हा तेच करीन!"

लोण्यात हळद कालवत ती म्हणाली, "माहीत हाये. बैलाले सोनं घातलं, मले अजून पितळही नाही."