भाऊजींचे तेलकट हात आणि सायलीचं कन्यादान

माझा भाकरीचा तवा बाटवणाऱ्या माणसाला जाऊन आज वर्ष झालं.

सुधाकर. माझे धाकटे दीर.
काळाचौकीच्या आमच्या चाळीत सगळे त्यांना सुधाभाऊ म्हणायचे. मी भाऊजी म्हणायचे. चिडले तरी भाऊजीच, फक्त जरा मोठ्याने.

काम सिलिंडर रिपेअरिंगचं. गॅसचा नव्हे हो! शेजारी नवीन राहायला आलेल्या बाईने मला विचारलं होतं, नंबर लावून देतील का म्हणून.

जेसीबीचा लांब हात ज्याच्या जोरावर वर-खाली होतो ना, ते जाड लोखंडी नळकांडं. हायड्रॉलिक सिलिंडर. ते खोलायचं, सील बदलायचे, आणि तेलात पावसाचं पाणी शिरलं असेल तर ते काढायचं.

मी एकादशी चुकवत नाही, तसे ते तेलातला पाण्याचा थेंब सोडत नसत.

तेलात पाणी आहे का ते कसं बघतात? तापलेल्या लोखंडावर तेल टाकायचं. तडतडलं की पाणी आहे.

आता त्यांच्या रे रोडच्या गाळ्यात लोखंडाला काय तोटा?
पण नाही. मी देवळातून घरी येते तर खोलीभर घाण वास, आणि माझ्या तव्यावर तेल तडतडतंय.

"भाऊजी, भाकरीचा तवा आहे हा!"
"म्हणूनच घेतला वहिनी. एकसारखा तापतो."

नवीन तवा आणला. त्या महिन्याच्या खर्चात वेगळा लिहिला. तवा, भाऊजींमुळे.

आमचे हे गेले तेव्हा सायली आठवीत होती. तिची शाळा, कॉलेज, ॲडमिशनच्या रांगा, सगळं भाऊजींनी केलं. स्वतः लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "ओरडायला घरात वहिनी आहे की."

तेव्हा सायलीचं कन्यादान तेच करणार, हे ठरलेलं होतं. सगळ्या जगाला माहीत होतं.

आणि लग्नाच्या सकाळी हा माणूस गाळ्यात.

"पाच मिनिटांत येतो" म्हणून गेले. मी हॉलवरून फोन केला.

"भाऊजी, कुठे आहात?"
"गाळ्यात. तेल अजून ताकासारखं दिसतंय वहिनी, पाणी आहे त्यात."
"ताक असू दे नाहीतर पन्हं! इकडे गुरुजी आलेत!"
"पाणी काढायचं मशीन चालू ठेवून येऊ का? तेल तापतंय, गाळा पेटेल."
"मग बंद करून या!"
"बंद केलं की सगळं पहिल्यापासून. जेसीबीचा ड्रायव्हर कालपासून गाडीतच झोपलाय बिचारा."

मागून त्या ड्रायव्हरचा आवाज येत होता. "चाचा, चलता है, यही तेल डाल दो."
ड्रायव्हरला चालत होतं. मला चालत होतं. भाऊजींना चालत नव्हतं.

मंगलाष्टका झाल्या. गुरुजी म्हणाले, "कन्यादानाला कोण बसतंय?"

करी रोडचा माझा दादा आणि वहिनी तयारच होते. दादा पाटाकडे निघाला.
सायली म्हणाली, "मामा, थांब. काका बसणार."
"अगो, पण काका खंय तुझो?"
"येतील."

मी तिच्या कानात म्हटलं, "सायली, हट्ट नको. सासरची माणसं बघतायत."
"आई, काका नसतील तर कन्यादानच नको."

विहीणबाई घड्याळ बघत होत्या. मी मनातल्या मनात जप करत होते आणि मध्येमध्ये भाऊजींना शिव्या घालत होते. देवाने कुठलं ऐकलं माहीत नाही.

आले. शर्ट नवा, पँट गाळ्यातली. हात रॉकेलने धुतलेले, म्हणजे आता वासही.

एकट्यानेच बसायचं म्हणून गुरुजींनी शेजारी बायकोच्या जागी सुपारी ठेवली. भाऊजी सुपारीकडे बघून मला म्हणतात, "वहिनी, ही बरी आहे. बोलत नाही."
सगळा मंडप हसला. मी नाही हसले.

खाली जावयाची ओंजळ, वर सायलीची, त्यावर भाऊजींचे हात. माझ्या वहिनीने पाण्याची धार सोडली. पाणी भाऊजींच्या हाताला लागेचना. थेंब होऊन नुसतं घरंगळत होतं. खालच्या काशाच्या ताटात पाण्यावर तेलाचे रंग तरंगायला लागले.

दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या कसला कन्यादान? ह्या काय लागू होवचा नाय!"

जावयाच्या उपरण्याला पडलेला डाग अजून निघालेला नाही. मी सगळं लावून बघितलं.

गेल्या वर्षी भाऊजी झोपेतच गेले. खाली सगळी तयारी झाली आणि प्रश्न आला, मडकं कोण धरणार?

सायली ठाण्याहून धावत आली होती. "मी धरणार."

दादा समजुतीने म्हणाला, "बाय, तुझा कन्यादान झाला. तू आता त्या घरची. तुका नाय धरूक येवचा."

तिचा चेहरा बघवेना. ज्या माणसासाठी तिने अख्खा मांडव खोळंबून ठेवला, त्याच्यापुढे चालायची परवानगी मागत उभी होती.

मी जन्मभर रीत पाळणारी बाई. पण त्या दिवशी सगळ्या चाळीसमोर बोलले.
"दादा, ते कन्यादान लागू झालं नाही, असं तूच म्हणाला होतास ना? मग ती अजून आमचीच आहे. दे तिच्या हातात."

दादानेच मडकं उचलून तिच्या हातात दिलं. "सांभाळून जा, बाय," म्हणाला.

ती पुढे, भाऊजी मागे.

भाऊजी, तुम्हाला मूलबाळ नव्हतं असं कोणी म्हटलं तर मी आजही भांडते.

सायलीचा आणि तुमच्या वहिनीचा नमस्कार घ्या. सुखात राहा.